अमेरिकेतला 120 व्होल्टचा बेस ॲम्प आपल्या 230 वर कसा चालवायचा

अमेरिकेतून कुणी बेस गिटारचा चांगला ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणला की पहिला प्रश्न हाच, इथे लावायचा कसा. तिथे 120 व्होल्ट 60 हर्ट्झ, आपल्याकडे 230 व्होल्ट 50 हर्ट्झ. तसाच प्लगमध्ये घातलात तर फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळेल. म्हणून काहीही करायच्या आधी मागची प्लेट नीट वाचा आणि त्या मॉडेलचा सर्किट डायग्राम नेटवरून उतरवून घ्या.

प्लेटवर 100-240 व्होल्ट 50/60 हर्ट्झ लिहिलं असेल तर विषयच संपला. आजकालचे बरेच हलके क्लास डी हेड (स्पीकर नसलेले ॲम्प) असेच असतात, आत एसएमपीएस म्हणजे स्विचिंगवाला हलका पॉवर सप्लाय असतो, फक्त केबल बदला. मागचं सॉकेट बहुतेक वेळा कॉम्प्युटरला असतं तेच असतं, त्यामुळे आपली तीन पिनची कॉम्प्युटर केबल चालते. पण काही एसएमपीएसवर 115/230 चा स्विच असतो, तो आधी 230 वर करायचा, विसरलात तर आतल्या कपॅसिटरवर दुप्पट व्होल्टेज जातं आणि ते फुटतात. प्लेटवर फक्त 120 लिहिलंय आणि आत एसएमपीएस आहे, तर डायग्राममध्ये 230 ची सोय दाखवलेली नसेल तर उघडू नका, सरळ स्टेपडाऊन, म्हणजे 230 चे 110 करून देणारा बाहेरचा ट्रान्सफॉर्मर, घ्या.

आता जड ट्रान्सफॉर्मरवाले ॲम्प. यात खरं काम आहे. डायग्राममध्ये बघा, मेन ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे मेन लाइन येते त्या बाजूला, तारेचं एकच वेटोळं (वाइंडिंग) आहे की 120 ची दोन. कंपनी जगभर माल विकत असेल तर एकच ट्रान्सफॉर्मर सगळीकडे वापरते, अमेरिकेसाठी दोन्ही वाइंडिंग पॅरललमध्ये जोडते आणि आपल्यासारख्या देशांसाठी सिरीजमध्ये. दोन असतील तर तुमचा ॲम्प कायमचा 230 चा करता येतो, आवाजात काहीही फरक न पडता.

उघडायच्या आधी प्लग काढा आणि कपॅसिटर डिस्चार्ज करा. ट्यूब ॲम्पमध्ये 400-500 व्होल्ट सहज असतात, 1969 साली आलेल्या अँपेग एसव्हीटीसारख्या 300 वॉटच्या हेडमध्ये तर सातशेच्या आसपास, आणि प्लग काढला तरी ते आत साठलेले राहतात. 10 किलोओहम 10 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कपॅसिटरच्या दोन टोकांना लावून व्होल्टेज उतरवा आणि मीटरवर 10 व्होल्टच्या खाली आलेलं दिसल्याशिवाय हात घालू नका. हे कधी केलेलं नसेल तर जाणकाराला बसवा सोबत, यात लाज कसली.

मग फोटो काढून ठेवा. सध्या प्रायमरीच्या दोन वायर फेजच्या बाजूला एकत्र आहेत, दोन न्यूट्रलच्या बाजूला. चारही सोडवा आणि मीटरने कंटिन्युइटी बघून कुठली जोडी कुठल्या वाइंडिंगची ते ओळखा, खुणा करा. पहिल्या वाइंडिंगची फेजवाली वायर फेजलाच ठेवायची, त्याच वाइंडिंगचं दुसरं टोक दुसऱ्या वाइंडिंगच्या आधी फेजला असलेल्या टोकाला जोडायचं, आणि दुसऱ्याचं उरलेलं टोक न्यूट्रलला. हे उलटं झालं तर दोन्ही वाइंडिंग एकमेकांना मारतात आणि शॉर्टसारखा करंट जातो, म्हणून वायरच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. मेन केबलच्या रंगातही सांभाळा, अमेरिकेत काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल, आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल!

एवढ्यावर थांबू नका, कारण बरेच लोक इथेच चुकतात. मेन इनपुटवर 150 व्होल्टचा एमओव्ही (जास्त व्होल्टेजपासून वाचवणारा छोटा भाग) असेल तर तो 230 वर फुटतो, 275 व्होल्ट एसीचा लावा, इनपुटवर फेज आणि न्यूट्रलमध्ये बसवलेला एक्स कपॅसिटरही तेवढ्याच रेटिंगचा हवा. आत 120 व्होल्टचा एसी फॅन असेल तर तो एकाच वाइंडिंगवर टाका, तिथे 115 मिळतं. फ्यूज निम्मा करा, 5 अँपिअरच्या जागी 2.5, स्लो ब्लोच (क्षणभराचा जास्त करंट सोसणारा). जुन्या दोन पिनच्या ॲम्पमध्ये फेज आणि चॅसिसमध्ये (आतल्या धातूच्या सांगाड्यात) कपॅसिटर लावलेला असतो तो काढून टाका आणि तीन पिनची केबल घालून चॅसिसला पक्की अर्थ द्या, बेसच्या तारा शेवटी चॅसिसलाच जोडलेल्या असतात हे लक्षात असू द्या.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्प लावा, म्हणजे फेजमध्ये 100 वॉटचा फिलामेंटवाला बल्ब. ट्यूब ॲम्प असेल तर पॉवर ट्यूब काढून ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच झगझगीत राहिला तर बंद करा आणि जोडणी तपासा. मग ट्यूब घालून बल्बशिवाय चालवा, ट्यूबच्या हीटरला 6.3 व्होल्टच्या जवळ आलं पाहिजे. तासभर चालू ठेवून मग प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला बाहेरून हात लावा, कारण फक्त 60 हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर 50 वर जास्त तापतो. हात टेकवत नसेल तर तो ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे टिकणार नाही.

प्रायमरी एकच असेल तर मी स्टेपडाऊनच सांगेन, ट्रान्सफॉर्मर बदलायचा खर्च क्वचितच परवडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, तिथे जड लोखंडी 230 ते 110 वाले मिळतात. ॲम्पच्या प्लेटवर 500 वॉट असेल तर 1000 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) घ्या. हेअर ड्रायरसाठी येणारे हलके प्रवासी कन्व्हर्टर अजिबात नकोत, ते एसीची लहर कापून देतात, ॲम्प गुणगुणतो आणि तापतो. आणि बऱ्याच स्वस्त स्टेपडाऊनमध्ये अर्थ पुढे जातच नाही, म्हणून पैसे द्यायच्या आधी दुकानातच प्लगच्या मोठ्या पिनपासून आउटपुट सॉकेटच्या अर्थ भोकापर्यंत मीटर लावून बघा, बीप आली तरच घ्या.