गाडीत दुसरी बॅटरी बसवताना

माळशेजला रात्रभर फ्रिज नि दिवे चालवले आणि सकाळी स्टार्टर नुसता टक-टक करत बसला. घोडबंदर रोडवर धक्का मारायला चार जण मिळतात, घाटात माकडंच! तेव्हाच फोर बाय फोरमध्ये दुसरी बॅटरी घालायचं ठरवलं.

जोडणी साधी आहे: मूळ बॅटरीचा प्लस, फ्यूज, व्हीएसआर रिले (व्होल्टेज बघून आपोआप जोड-तोड करणारा स्विच), पुन्हा फ्यूज, दुसऱ्या बॅटरीचा प्लस. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज साधारण 13.3 वर गेलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, 12.8 च्या आसपास उतरलं की तोडतो. फ्रिज, दिवे, पंप सगळं दुसरीवरच घ्यायचं. ती पार उतरली तरी स्टार्टरची शाबूत राहते.

फ्यूज मात्र दोन्ही टोकांना हवेत, बॅटरीपासून वीतभर अंतरात. वायर पत्र्याला घासून सोलली तर करंट दोन्हीकडून येतो, म्हणून एका फ्यूजवर भागत नाही. मला एकच लावून मिळाला होता. दुसऱ्याच दिवशी सगळं उघडलं. बॅटरी डिकीत ठेवणार असाल तर पाणी भरायची नको, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. सीलबंद एजीएम (आतलं ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असलेली बॅटरी) घ्या, पट्ट्याने घट्ट आवळा.

बीएस 6 गाड्यांत बरेचदा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) असतो. तो व्होल्टेज मुद्दाम उतरवतो आणि रिले सुटतो. तिथे रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जरच घ्या, महाग पडला तरी; तो उतरलेलं व्होल्टेज वाढवून दुसरी बॅटरी चार्ज करतो.

अर्थिंगला, म्हणजे बॅटरीचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडता तिथे, रंग खरवडून पत्रा उघडा करा, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन फासा. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो.