सिंगापूरच्या क्रूझवरून उतरून त्याच दिवशी विमान कसे गाठावे

सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझवर हल्ली पुण्या-मुंबईची मंडळी इतकी असतात, की बुफेच्या रांगेत मराठी कानावर पडतेच. शेवटच्या रात्री त्याच रांगेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "सकाळी दहाचं विमान आहे, होईल ना?" नाही होणार. जहाज सहाला धक्क्याला लागते, चांगी विमानतळ वीसेक किलोमीटरवर, टॅक्सीने अर्धा तास, म्हणजे साडेसातला काउंटरवर, असा हिशेब कुणीतरी करून दिलेला असतो. एजंटही देतात, आणि बिनधास्त देतात. जहाज धक्क्याला लागणे आणि आपण सामानासह टॅक्सीच्या रांगेत उभे राहणे यांत दोन-तीन तास सहज जातात. वेळ रस्त्यात जात नाही, विमानतळावरही जात नाही. ती जाते या मधल्या टप्प्यात.

तिकीट काढतानाच शहाणपण करा. जहाज मरिना बे क्रूझ सेंटरला सकाळी सहा-सातच्या सुमारास लागते, पहिली माणसे साडेसातच्या आगेमागे उतरतात, शेवटची साडेनऊ-दहापर्यंत. पुढे इमिग्रेशन, टॅक्सी आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधीचे तीन तास. धडधाकट दोघेच असाल तर दुपारी एकच्या आधीचे विमान घेऊ नका. सोबत आई-वडील किंवा तान्हे मूल असेल तर तीननंतरचे घ्या. मी तर संध्याकाळचेच घेते. घड्याळ अडीच तास मागे जात असल्याने मुंबईत फार उशीर होत नाही. आणि पुढे नागपूरचे विमान वेगळ्या तिकिटावर जोडू नका. पहिले चुकले तर दुसऱ्याचे पैसे कुणी परत देत नाही.

व्हिसावर 'मल्टिपल एन्ट्री' लिहिले आहे ना, ते घरीच बघून घ्या. क्रूझवरून परतताना तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करत असता.

दुसऱ्यांदा प्रवेश म्हणजे एसजी अरायव्हल कार्डही, म्हणजे सिंगापुरात शिरण्यापूर्वी ऑनलाइन भरायचा सरकारी फॉर्मही, दुसऱ्यांदा. येताना विमानासाठी भरलेले चालत नाही. हे कार्ड पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आतच भरता येते, त्यामुळे तीन रात्रींच्या क्रूझला निघतानाच भरून मोकळे होता येत नाही. मधल्या बंदरावर, पेनांग असो की फुकेत, उतरलात की फोनला नेटवर्क असताना भरून टाका. समुद्रात जहाजाचे वायफाय महाग पडते. कार्ड फुकट असते. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही, बंद करा.

आता शेवटची रात्र. या टप्प्याने मलाही एके काळी घाम फोडला आहे, म्हणून इथे जरा थांबते.

जहाजावर तुम्हाला रंगीत किंवा आकड्याचे टॅग देतात. ते बॅगांना लावायचे, रात्री दहा-अकराच्या आत बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या, कर्मचारी त्या खाली नेतात आणि सकाळी आपला नंबर पुकारला की उतरून टर्मिनलच्या हॉलमध्ये त्या शोधायच्या. "बॅगा बाहेर ठेवा आणि निवांत उतरा" हा सल्ला सगळीकडे दिला जातो. ज्याला त्या दिवशी सिंगापुरातच राहायचे आहे त्याच्यासाठी तो उत्तम आहे. ज्याला विमान गाठायचे आहे त्याच्यासाठी नाही. एकेका जहाजावर तीन-चार हजार प्रवासी असतात, त्यातल्या निम्म्यांच्या बॅगा काळ्या आणि चाकाच्या. तुमचा नंबर कधी पुकारणार हे तुमच्या हातात नाही, आणि पुकारल्यावर बॅग नेमकी कुठल्या ढिगात आहे हेही नाही.

म्हणून विमान असेल तर आपले सामान आपणच घेऊन उतरायचे. याला कुठे 'सेल्फ असिस्ट' म्हणतात, कुठे 'एक्सप्रेस'. आदल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसला जाऊन किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर नाव द्यावे लागते. अट एकच : सगळ्या बॅगा एका खेपेत, स्वतःच्या हाताने. हमाल नाही, ट्रॉली नाही. त्या सकाळी लिफ्ट दादरच्या लोकलसारख्या भरून येतात आणि तुमच्या मजल्यावर दारही उघडत नाही, तेव्हा जिन्याने उतरता येईल एवढेच सामान असावे. माणशी एक मध्यम बॅग आणि एक पाठीवरची. घरातल्या चौघांच्या सात बॅगा असतील तर ही वाट तुमची नाही, हे मी स्पष्टच सांगते.

ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर टॅगची पद्धतच बरी, पण लवकरचा नंबर मागून घ्या. विमानाचे तिकीट घेऊन गेस्ट सर्व्हिसला जा, आणि तेही पहिल्या-दुसऱ्या दिवशी. शेवटच्या रात्री तिथे लांबलचक रांग असते आणि लवकरचे नंबर संपलेले असतात. व्हीलचेअरही तेव्हाच सांगून ठेवा.

बॅगा बाहेर ठेवणार असाल तर त्यात काय ठेवायचे नाही, हे नीट वाचा : पासपोर्ट, औषधे, चार्जर, पॉवर बँक, दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि चप्पल. हसू नका. दर फेरीला सकाळच्या नाश्त्याला कुणीतरी नाइटड्रेसमध्ये अनवाणी येते, कारण घरातल्या उत्साही माणसाने रात्री सगळेच्या सगळे भरून बाहेर ठेवलेले असते. केबिनमधली तिजोरी रात्रीच रिकामी करा आणि तिचे दार उघडे टाका. काही जहाजांवर चढताना पासपोर्ट जमा करून घेतात. परत देण्याची वेळ जाहीर झाली की पहिल्या तासात जाऊन घ्या.

जहाजावरच्या दुकानातून बाटली घेतली असेल तर ती मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. शंभर मिलिलीटरवरचे द्रव विमानाच्या हातबॅगेत चालत नाही. सिंगापूरच्या कस्टम्सचे नियम कडक आहेत : सिगारेटवर एका कांडीचीही सूट नाही, व्हेप (ई-सिगारेट) तर आणूच नका. आणि बॅगेचे वजन बघा; जहाजाला काही फरक पडत नाही, विमान कंपनीला पडतो.

बिल रात्रीच तपासा. न घेतलेल्या कॉफीबद्दल सकाळी भांडायला वेळ नसतो.

गजर लावताना फोनवर विसंबू नका. फुकेतला गेलेले जहाज असेल तर थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असते, आणि फोन कुठल्या टॉवरला चिकटून काय वेळ दाखवेल याचा भरवसा नाही. वेळ जहाजाची धरा, केबिनमधल्या फोनवरून वेक-अप कॉल मागा.

सकाळी : नाश्ता लवकर, केबिन एकदा पलंगाखाली वाकून बघा, आणि गँगवे, म्हणजे जहाजातून उतरायची वाट, उघडायच्या आधी त्या मजल्यावर पोहोचा. उतरताना जहाजाचे कार्ड स्कॅन झाले की परत आत जाता येत नाही.

इमिग्रेशनला कधी वीस मिनिटे, कधी तासाहून जास्त. इथे युक्ती चालत नाही, लवकर उतरणे हीच युक्ती.

बाहेर टॅक्सीची रांग लांब दिसली आणि सामान कमी असेल तर मरिना साउथ पिअर मेट्रो स्टेशन चालत गाठा. तिथून सिटी हॉलला आणि मग ताना मेराला गाडी बदलून चांगी. साधारण तासभर धरा. मेट्रो टर्मिनल दोन आणि तीनपाशी सोडते. टर्मिनल चारला शटल बस घ्यावी लागते, त्यासाठी वेगळा वेळ ठेवा. तुमचे विमान कुठल्या टर्मिनलचे, हे टॅक्सीत बसण्यापूर्वी माहीत हवे.

खरेदीवरचा जीएसटी परत घ्यायचा असेल आणि ती वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असेल, तर परताव्याचे यंत्र आधी, चेक-इन नंतर. बॅग पट्ट्यावर गेल्यावर वस्तू दाखवायला सांगितली तर दाखवणार काय?