घरी थिएटरसारखे पॉपकॉर्न : या चुका टाळा

थिएटरात टबाची किंमत ऐकून जीव कळवळतो, म्हणून माणसं घरी पॉपकॉर्न करायला बसतात. आणि मग फुललेल्या लाह्यांवर वितळलेलं बटर ओतून त्यांचा लगदा करतात. वर पुन्हा म्हणतात, "थिएटरसारखं नाही लागलं." कसं लागेल? थिएटरात ती चव वरून ओतलेली नसतेच. ती भांड्यात, दाणे फुटत असतानाच लागते.

१८९३ साली शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्स यांनी जे यंत्र लोकांपुढे आणलं, त्यातली मुख्य गोष्ट हीच होती. त्याआधी दाणे जाळीत धरून विस्तवावर फोडायचे आणि चव नंतर लावायची. क्रेटर्स यांच्या यंत्रात मका, तेल आणि मीठ एकाच भांड्यात फुटायला लागले. आजची थिएटरची किटली, म्हणजे यंत्रातलं दाणे फोडायचं भांडं, त्याच वाटेने चालते.

बटरची चूक

ही सगळ्यात मोठी. पाकिटातल्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी. म्हणजे ५० ग्रॅम बटर ओतलंत, तर जवळपास ८ ग्रॅम पाणीही ओतलंत. चांगल्या फुललेल्या लाहीत ओलावा नावालाच उरलेला असतो. तिच्यावर हे पाणी पडलं की लाही तुमच्या डोळ्यांदेखत आक्रसते, चरचर असा बारीक आवाजही येतो. थिएटरात वरून जे पिवळं "बटर" मारतात ते बहुतेकदा लोण्याच्या वासाचं तेल असतं. त्यात पाणी नसतं, म्हणून तिथला टब मध्यंतरानंतरही कुरकुरीत राहतो.

काही जण याच्या पुढे जाऊन बटरमध्येच दाणे फोडतात. मका फुटायला १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, बटरमधला दुधाचा अंश त्याच्या बराच आधी करपतो. काळे ठिपके आणि कडू चव, दुसरं काही पदरात पडत नाही.

बटरची चव हवीच असेल तर ते मंद आचेवर नुसतं वितळवा, वरचा फेस चमच्याने काढा, पाच मिनिटं निवू द्या. खाली पांढरट पाणी बसतं. वरचं पिवळं तेवढं हलक्या हाताने ओतून घ्या. तुपासारखं कढवू नका. खमंग तुपाचा वास छान असतो, पण तो थिएटरचा वास नाही. शंभर ग्रॅम दाण्यांच्या लाह्यांना या पिवळ्याचे दोन मोठे चमचे पुष्कळ झाले. निम्म्या लाह्या परातीत काढा, एक चमचा बारीक धारेने फिरवा, हलवा, मग उरलेल्या लाह्या आणि दुसरा चमचा. सगळं एकदम वरून ओतलं की वरचा थर चिंब आणि खाली कोरडं.

दाणे "खराब निघाले"

नाशिकच्या सिडकोतल्या एका सोसायटीने उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर पडदा लावून मुलांना सिनेमा दाखवायचं ठरवलं. स्वस्त मिळाले म्हणून चार किलो दाणे एप्रिलमध्येच आणून ठेवलेले. कुठे? गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, पोत्याचं तोंड उघडं. मे अखेरीस पहिलं पातेलं चढवलं तर निम्मे दाणे न फुटता गणंग राहिले. "दुकानदाराने जुना माल मारला," असा निकाल जागच्या जागी लागला. मग आच वाढवली, तर तळ करपला. मग एका उत्साही काकांनी "दाणे वाळलेत ना, पाणी मारा" म्हणत तापल्या तेलातच पाण्याचा हबका मारला. तेल उडालं, झाकण उडालं. नशीब, कोणाला फार भाजलं नाही. मुलांनी सिनेमा चिवड्यावर काढला.

काकांचं निदान बरोबर होतं, वेळ चुकली. दाणा फुटतो तो आतल्या पाण्यामुळे. टणक सालीच्या आत वाफ कोंडते, दाब हवेच्या नऊ पटींच्या घरात गेला की साल फाटते आणि मऊ झालेला स्टार्च फेसासारखा बाहेर येऊन तिथेच थिजतो. त्यासाठी दाण्यात साडेतेरा ते चौदा टक्के ओलावा लागतो. नाशिकचा एप्रिल-मे आणि वर तापलेला पत्रा, त्यात तो कसा टिकणार? नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्यांसाठी घरातल्या बायका ज्वारीला आधी पाणी लावून फडक्यात बांधून ठेवायच्या, ते याचसाठी. आजीला टक्केवारी ठाऊक नव्हती, पण ज्वारी कधी फुटेल ते बरोबर कळायचं.

सोसायटीतले उरलेले तीन किलो फेकले गेले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं. अर्धा किलो दाण्यांना एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली पाणी. घट्ट झाकणाच्या बरणीत घाला, पाणी मुरेपर्यंत दर काही मिनिटांनी हलवा, नंतर दिवसातून दोन-तीनदा. चौथ्या दिवशी दहा दाणे फोडून बघा. आठ-नऊ फुटले तर झालं. फुटले पण चिवट, टोकेरी निघाले, तर ओल जास्त झाली. तासभर पसरून ठेवा. तिथेही चार दिवसांनी दाणे नीट फुटले, सिनेमा मात्र तोवर होऊन गेला होता. चार दिवस थांबायची तयारी नसेल तर नवं पाकीट आणा. "गरम पाण्यात भिजवून दहा मिनिटांत" वगैरे जे सांगतात, त्यात फक्त साल ओली होते.

दाणे बरणीतच ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथली हवा दाणे सुकवते.

गावचा मका

येवला-मालेगावकडून घरच्या मक्याचं पोतं आलं की कोणीतरी हा प्रयोग करतंच. तो मका कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चला उत्तम, पण त्याची साल वाफ कोंडून धरत नाही. स्वीटकॉर्न वाळवूनही उपयोग नाही. पॉपकॉर्नची जातच वेगळी. थिएटरसारखे पाकळ्या-पाकळ्यांचे हवे असतील तर "बटरफ्लाय" आणि कॅरॅमलसाठी गोल फुटणारा "मशरूम", कारण पाकळ्या पाकात ढवळताना मोडतात.

तेल आणि मीठ

रिफाइंड खोबरेल वापरा, खाण्याचं. "डोक्याला लावायचं तेल खायचं?" हा प्रश्न आपल्याकडे येणारच. रिफाइंडला तो वास नसतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे निवलेली लाही बोटांना तेलकट लागत नाही. नाशिकच्या थंडीत ते बाटलीतच दगड होतं, म्हणून रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा आणि चमच्याने काढा. शेंगदाणा तेलातही दाणे छान फुटतात, फक्त ती चव घरची लागते.

साधं मीठ लाहीवर टिकत नाही, घरंगळून तळाशी जातं. थिएटरात फ्लेवाकॉलसारखं पिठासारखं बारीक, लोण्याच्या वासाचं पिवळं मीठ असतं. घरी मिक्सरच्या छोट्या, पूर्ण कोरड्या भांड्यात मीठ पिठीसाखरेइतकं बारीक करा. भांडं ओलं असेल तर गोळा होईल.

प्रमाण असं : १०० ग्रॅम दाणे, अडीच मोठे चमचे खोबरेल, पाऊण छोटा चमचा बारीक मीठ, रंगाला चिमूटभर हळद. जाड बुडाचं पाच लिटरचं पातेलं. मध्यम आचेवर तेलात तीन दाणे टाका. तिन्ही फुटले की बाकीचे दाणे, मीठ, हळद घालून गॅसवरून उतरवा आणि तीस आकडे मोजा. सगळे दाणे सारखे तापतात. पुन्हा गॅसवर ठेवा, सैल झाकण घालून पातेलं हलवत राहा. दोन फुटण्यांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की लगेच परातीत ओता.

बाकीच्या

झाकण घट्ट लावू नका, वाफ आत राहिली की लाही चिवट होते. दुधाच्या पातेल्यावरचं भोकांचं झाकण यासाठी एक नंबर.

कुकरचं भांडं चालेल, कुकरचं झाकण नाही. शिट्टी काढूनसुद्धा नाही.

आच फार मंद असेल तर वाफ दाण्याच्या टोकातून हळूहळू निसटते आणि दाणा फुटतच नाही. फार मोठी असेल तर आत तापायच्या आधी साल फाटते.

मध्येच झाकण उघडून बघायचं नाही. काय बघायचंय? आवाज येतोय ना.

नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका.

एकदम पाव किलो दाणे घालू नका, त्यापेक्षा दोन घाणे काढा.

रात्रीचे उरलेले पॉपकॉर्न सकाळी मऊ पडले असतील, तर कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. बटर लावलेले असतील तर तेही विसरा, ते परत कुरकुरीत होत नाहीत.