बायकांसाठी टेस्टोस्टेरॉन: या चुका टाळा

पाळी गेल्यावर बाईलाही टेस्टोस्टेरॉन (पुरुषांचं म्हणून ओळखलं जाणारं, पण बाईच्या शरीरातही थोडं असणारं हार्मोन) देता येतं आणि काही जणींना त्याचा चांगला उपयोग होतो, ही गोष्ट आता सांगलीत कुणाला नवी राहिलेली नाही. तासगाव, पलूस, जतकडच्या बायका मोबाईलवर काहीतरी बघून विचारायला येतात, याचा मला आनंदच आहे. आमच्या आयांच्या पिढीने डॉक्टरसमोर हा विषय काढलाही नसता. पण येतात तेव्हा बऱ्याच जणींनी आधीच काहीतरी करून ठेवलेलं असतं. कुणी नवऱ्याच्या पुडीतलं टेस्टोस्टेरॉनचं जेल लावलेलं असतं, कुणी जिममधल्या माणसाकडून इंजेक्शन घेतलेलं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून त्याच त्या चुका निस्तरून आता कंटाळा आला आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मुळात हे औषध कशासाठी आहे ते पक्कं करून घ्या. २०१९ साली जगभरातल्या रजोनिवृत्ती आणि हार्मोनवर काम करणाऱ्या तज्ज्ञ संघटनांनी मिळून एक निवेदन काढलं. त्यात पुरावा भक्कम असलेलं एकच कारण निघालं: पाळी गेलेल्या बाईची संबंधांची इच्छा कमी झाली आहे आणि त्याचा तिला स्वतःला त्रास होतो आहे. थकवा, विसरभोळेपणा, वजन, हाडं, उदासी यांच्यासाठी द्यावं इतका पुरावा नाही. त्यामुळे "मॅडम, जरा ताकदीचं द्या" म्हणून कुणी आलं, तर मी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघते. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

त्रास कुणाला आहे ते न विचारणं

नवरा पुढच्या खुर्चीवर, बायको भिंतीकडच्या स्टुलावर. बोलतो तो. "हिचं मनच नसतं मॅडम, काहीतरी द्या." मी त्यांना बाहेर बसवते, दार लावते आणि मगच विचारते. कितीतरी वेळा उत्तर येतं, "मला कायबी तरास न्हाई. तरास ह्यास्नी हाय." अशा बाईला हे औषध द्यायचं नसतं. तिला स्वतःला काहीतरी हरवल्यासारखं वाटत असेल, पूर्वीची ओढ परत यावी असं तिला वाटत असेल, तरच पुढचं बोलणं.

दुसरी एक बाई बराच वेळ पदराशी चाळा करते आणि मग हळूच म्हणते, "दुखतंय हो." तिची इच्छा गेलेली नसते, तिला दुखण्याची धास्ती असते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, योनीमार्ग कोरडा पडतो, त्वचा पातळ होते आणि संबंधाच्या वेळी आग होते. त्याला योनीमार्गात लावायची इस्ट्रिऑलची (इस्ट्रोजेनच्याच एका सौम्य प्रकाराची) क्रीम असते. काही आठवड्यांत फरक पडतो आणि अनेकींना पुढे टेस्टोस्टेरॉनची गरजच उरत नाही. उदासीवरच्या काही गोळ्यांनीही इच्छा मरते. त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. घरात दोनच खोल्या, मधल्या खोलीत सासूबाई आणि वयात आलेली मुलं, हेही मी विचारते. ते कारणही खरं असतं.

पूर्ण पुडी लावणं

ही चूक माझ्या सगळ्यात जास्त मनाला लागते. युरोपात २००६ साली बायकांसाठी टेस्टोस्टेरॉनची त्वचेवर चिकटवायची ३०० मायक्रोग्रॅमची पट्टी आली होती, ती २०१२ मध्ये बाजारातून गेली. ऑस्ट्रेलियात २०२० पासून बायकांसाठी मान्यता मिळालेली क्रीम आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतं ते पुरुषांसाठी बनवलेलं जेल. पाच ग्रॅमची पुडी, एक टक्का, म्हणजे ५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन. हा पुरुषाचा एका दिवसाचा डोस. बाईला लागतं त्याच्या साधारण दहावा हिस्सा, दिवसाला पाचेक मिलिग्रॅम. म्हणजे एक पुडी दहा दिवस पुरली पाहिजे.

पलूसकडची एक बाई आली होती. गावच्या महिला भजनी मंडळात पुढे बसून गाणारी, वय पन्नाशीच्या अलीकडे. एका ठिकाणी तिला जेल लिहून दिलं होतं आणि चिठ्ठीवर फक्त "रोज एक वेळ" एवढंच होतं. किती, ते नव्हतं. तिने सरळ अर्थ लावला, रोज एक पुडी. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तिने नेमाने लावलं. सुरुवातीला बरं वाटलं, म्हणून कुणाला विचारलंही नाही. हनुवटीवर केस आले तेव्हा तिला वाटलं, पाळी गेली की येतातच. गालावर मुरुमं आली, त्यावर तिने चंदन लावलं. मग घसा बसला. आठ-आठ दिवस गुळण्या, हळद-दूध, ज्येष्ठमध झालं. पेटीवाल्या काकूंनी पट्टी उतरवली. काळी चारात गाणारी बाई काळी दोनवर आली तरी वरचा सूर लागेना. शेवटी कुणीतरी फोनवर तिला म्हणालं, "दादा, वहिनींना द्या की जरा." त्या दिवशी ती घरी रडली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली.

रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या पातळीला पोचलं होतं. जेल बंद केलं. मुरुमं गेली, हनुवटीवरचे केस हळूहळू विरळ झाले. आवाज परत आला नाही. जास्त टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू जाड होतात आणि ते पुन्हा बारीक होतील याची खात्री नसते. शिश्निका (योनीच्या वरच्या टोकाचा संवेदनशील दाणा) मोठी होते, तिचंही तसंच. बाकीचे बरेच दुष्परिणाम औषध थांबवलं की ओसरतात, हे दोन मात्र कायमचे राहू शकतात. ती आता मंडळात टाळ घेऊन मागे बसते. तिला लिहून देणाऱ्याने चिठ्ठीवर एक आकडा जास्त लिहिला असता, तर ही वेळ आली नसती. त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

म्हणून माझी पद्धत सांगते. औषध लिहून दिल्यावर मी एक मिलीची सिरिंज, सुई काढून, बाईच्या हातात देते आणि माझ्यासमोर अर्धा मिली, म्हणजे साधारण पाच मिलिग्रॅमचा डोस, ओढायला लावते. इन्सुलिनची सिरिंज वापरू देत नाही, कारण तिच्यावर युनिट छापलेले असतात आणि घोटाळा होतो. पुडीचा कोपरा कापायचा, लागेल तेवढं ओढून घ्यायचं, कडा दोनदा दुमडून क्लिप लावायची आणि घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायची. पुडीवर पेनाने उघडल्याची तारीख टाकायची. दहा दिवसांच्या आत पुडी संपली, तर मोजण्यात गफलत आहे असं समजायचं. "वाटाण्याएवढं घ्या" असं सांगणारे आहेत. मला ते पटत नाही. वाटाणा प्रत्येकीचा वेगळा असतो.

इंजेक्शनची गोष्ट तर याहून वाईट. बाईच्या शरीरात दिवसाला जेमतेम पाव मिलिग्रॅमच्या आसपास टेस्टोस्टेरॉन तयार होतं (जेल पाच मिलिग्रॅम लावलं तरी त्यातलं थोडंसंच त्वचेतून आत जातं). बाजारात मिळणारं पुरुषांचं इंजेक्शन २५० मिलिग्रॅमचं. ते दंडात गेलं की परत काढता येत नाही. जेल निदान दुसऱ्या दिवशी थांबवता तरी येतं. त्वचेखाली बसवायच्या गोळ्यांचंही तेच, म्हणून २०१९ च्या निवेदनात पातळी अशी वर नेणारी इंजेक्शनं आणि रोपणं नकोत असं स्पष्ट म्हटलं आहे. तोंडाने घ्यायच्या गोळ्याही नकोत, त्यांनी कोलेस्टेरॉल बिघडतं. "रोज कोण लावत बसणार" एवढ्या कारणासाठी इंजेक्शन मागणाऱ्या बाईला मी नाही म्हणते आणि म्हणत राहीन.

ऑपरेशनमध्ये काय काढलं ते माहीत नसणं

आमचा भाग उसाचा. चाळिशीच्या आत गर्भपिशवी काढलेल्या बायका ओपीडीत सतत दिसतात. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या अशा ऑपरेशनांमुळे २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथल्या टोळ्या हंगामाला आमच्याकडच्या कारखान्यांवरही येतात. पण हा प्रश्न त्यांच्यापुरता नाही, बंगल्यात राहणाऱ्या बायकांचंही उत्तर तेच असतं. "अंडाशय ठेवलेत का?" विचारलं की "सगळं साफ केलं म्हणाले."

हे कळणं गरजेचं आहे. टेस्टोस्टेरॉन विशीनंतर सावकाश कमी होत जातं आणि आपोआप पाळी गेली म्हणून ते एका दिवसात कोसळत नाही, कारण अंडाशय त्यानंतरही थोडंफार बनवत असतात. दोन्ही अंडाशय काढले तर मात्र ते एकदम निम्म्यावर येतं. त्यासोबत इस्ट्रोजेनही जातं. अशा बाईला गरम वाफा, झोप न लागणं, हाडं ठिसूळ होणं, हे सगळं लवकर सुरू होतं. कमी वयात अंडाशय गेलेल्या बाईच्या बाबतीत आधी इस्ट्रोजेनचा विचार करायचा असतो. तिला थेट टेस्टोस्टेरॉन देणं म्हणजे मोठं दुखणं सोडून धाकट्याच्या मागे लागणं.

त्यामुळे डिस्चार्ज कार्ड आणि पिशवी तपासायला पाठवली होती त्याचा रिपोर्ट शोधा. ट्रंकेत असतो, नाहीतर नवऱ्याच्या फायलीत, बँकेच्या कागदांत. मिरजेला ऑपरेशन झालं असेल तर तिथे जाऊन जुन्या नोंदी मागा. लाजू नका, तो तुमचाच कागद आहे.

याच बायकांमध्ये आणखी एक अडचण येते. इस्ट्रोजेन गोळीतून चालू असेल, तर यकृत एक प्रथिन जास्त बनवतं आणि ते टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. मग जेल लावूनही "काय फरक न्हाई" अशी तक्रार येते. अशा वेळी जेल वाढवायचं नाही, इस्ट्रोजेन त्वचेतून द्यायचं. आणि इस्ट्रोजेनचंही जेल असतं, तेव्हा दोन्हींवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. एका पिशवीत ठेवू नका.

लावण्यातल्या चुका

मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा ओटीपोटावर, कोरड्या त्वचेवर लावायचं. रोज जागा थोडी बदलायची, नाहीतर तिथेच केस दाट होतात. छातीवर नाही, योनीमार्गाजवळ नाही.

हातावर लावणाऱ्या आज्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नातवंड त्याच हातावर डोकं ठेवून झोपतं आणि औषध त्याच्या अंगात जातं. लहान वयात गुप्तांगावर केस येणं, अवयव वाढणं, असे प्रकार झाले म्हणून अमेरिकेत २००९ साली या जेलांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. परकराखाली झाकली जाणारी जागा निवडा, हात साबणाने धुवा आणि जेल सुकेपर्यंत गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ जाऊ नका. त्यात अल्कोहोल असतं, पेट घेतं.

रिपोर्टच्या मागे लागणं

फुल बॉडी चेकअपमध्ये "टेस्टोस्टेरॉन लो" आलं म्हणून औषध सुरू करू नका. कमी इच्छेचं निदान आकड्यावरून होत नाही. बायकांमधली पातळी इतकी कमी असते की नेहमीच्या पद्धतीने ती नीट मोजलीही जात नाही. रक्त तपासायचं ते आधीच जास्त नाही ना आणि औषधाने जास्त होत नाही ना, एवढं बघायला: सुरू करण्यापूर्वी, मग तीन ते सहा आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांनी. तपासणीच्या सकाळी जेल लावायचं नाही. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर आधी सांगा, त्याने रिपोर्ट खोटा येऊ शकतो.

पाळी चालू आहे आणि दिवस राहण्याची शक्यता आहे, तर हे औषध नको, पोटातल्या मुलीवर परिणाम होतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर नको. पीसीओडी (अंडाशयाचं काम आणि हार्मोन बिघडण्याचा आजार) असेल तर टेस्टोस्टेरॉन बहुतेकदा मुळातच जास्त असतं, वरून आणखी कशाला?

आठ दिवसांत निकाल मागणं

पहिल्या आठवड्यात फोन येतो, "मॅडम, काहीच नाही, डबल करू का?" नाही. फरक जाणवायला दीड-दोन महिने लागतात, कधी तीन. दहा-दहा वर्षं सोसलेली गोष्ट एका आठवड्यात सुटावी, ही घाई मला कळते, पण डबल करणाऱ्या बायकाच पुढे मुरुमं घेऊन येतात. सहा महिने नीट मोजून लावलं आणि तरी उपयोग नाही, तर बंद करायचं. नवी पुडी आणायची नाही.

आणि दर पंधरा दिवसांनी मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, एकच ओवी किंवा एकच अभंग. घोगरेपणा वाटला, नेहमीची पट्टी जड गेली, तर त्याच दिवशी जेल थांबवा आणि फोन करा. पुढच्या तारखेची वाट बघू नका.