कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या? मुलांसोबत फुलपाखरू वाढवताना या चुका टाळा

मुलांना निसर्ग दाखवायचा म्हटलं की आपण गाडी काढतो. त्याआधी गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी एकदा नीट बघा. पावसाळ्यात पानावर चिमणीची शिट पडल्यासारखं काही दिसलं आणि ते हळूच सरकलं, तर ती बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी असते. लिंबाच्या झाडावरही ती सापडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा खेळ साधारण महिनाभरात, घरातच पाहायला मिळतो. बिघडवतो तो आपण मोठेच.

पहिली चूक तोंडातून निघते: "ई, कीड!" आणि लगेच फवारा. मूल तेवढ्यात शिकतं की हलणारं सगळं मारायचं असतं. केसाळ सुरवंटाला हात लावू नये हे खरंच, अंगाला खाज सुटते. पण कढीपत्त्यावरची ही अळी गुळगुळीत आणि निरुपद्रवी असते. लहानपणी शिटेसारखी दिसते म्हणून पक्षी फसतात. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि तेव्हा डिवचली तर डोक्यामागून केशरी-लाल शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. हे मुलांना एकदा दाखवा, पण रोज उठून डिवचू देऊ नका.

फोडणीला पानं उरणार नाहीत अशी आजीची तक्रार असेल, तर तीही रास्त आहे. अळी शेवटच्या दिवसांत भयंकर खाते. लहान कुंडीत दोन-तीनच अळ्या ठेवा, बाकीच्या शेजाऱ्यांच्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर सोडा. तुळशीवर किंवा जास्वंदीवर सोडल्या तर त्या उपाशी मरतील.

बरणीत कोंडणं

अळी झाडावरच राहू दिली तर उत्तम. आत आणायचीच असेल तर झाकणाला भोकं पाडलेली बरणी नको. आत दमटपणा साचतो, लेंड्या कुजतात, बुरशी येते. जाळी लावलेला मोठा डबा घ्या, तळाशी कागद घालून रोज बदला. कढीपत्त्याची डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचून बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी पाण्यात पडून बुडते. बाजारातली जुडी वापरू नका. तिच्यावर औषध मारलेलं असू शकतं. अळीने हिरवं पाणी ओकलं आणि ती मलूल पडली, तर आधी पानांवर संशय घ्या.

"मेली वाटतं" म्हणून फेकून देणं

अळी दिवसभर एकाच जागी गप्प बसली तर ती बहुतेक कात टाकायच्या तयारीत असते. तिला ओढू नका. मोठी अळी एके दिवशी अचानक पातळ विष्ठा टाकते आणि खाणं सोडून सैरावैरा फिरू लागते. हा आजार नाही, कोष करायची जागा शोधणं चाललंय. डब्याचं झाकण तेवढं नीट लावा, नाहीतर कोष पडद्यामागे सापडेल. कोष हिरवा होतो किंवा तपकिरी, आजूबाजूला काय आहे त्यावर. कोणता होईल यावर घरात पैज लावायला हरकत नाही.

साधारण आठ-दहा दिवसांनी कोषाच्या सालीतून पंखांची नक्षी दिसू लागली, की फुलपाखरू लवकरच बाहेर येणार. थंडीत मात्र जास्त वाट पाहावी लागते. कोष काळवंडला पण आत नक्षी नाही, किंवा बारीक भोक दिसलं, तर आत गांधीलमाशीच्या जातीचा परजीवी कीटक वाढला असण्याची शक्यता आहे. मुलं हिरमुसतील. तरी कोष गुपचूप फेकून "उडून गेलं" असं सांगू नका. कोण कुणावर जगतं हे समजायला याहून चांगली संधी घरात मिळत नाही.

बाहेर यायला मदत करणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. कोष नखाने सोलला तर पंख कायमचे चुरगळलेले राहू शकतात. फुलपाखरू बाहेर आल्यावर लटकून पंखांत द्रव भरतं, मगच ते ताठ होतात. त्यासाठी धरायला खरखरीत काठी आणि खाली मोकळी जागा हवी. कोष निसटून पडला असेल तर काठीजवळ कागदावर टेकवून ठेवा. खाली लालसर-तपकिरी थेंब दिसले तर घाबरू नका, ते रक्त नव्हे, कोषातली साठलेली घाण आहे.

फोटोसाठी त्याला रात्रभर अडकवू नका. पंख वाळले की दिवसा, ऊन असताना सोडा. धो धो पाऊस असेल तर उघडीप होईपर्यंत थांबा. साखरपाणी पाजायची घाई नको.

आणखी एक गफलत नर्सरीत होते. फुलपाखरांसाठी म्हणून आपण फक्त फुलझाडं आणतो. फुलांवर पाहुणे येतात, अंडी मात्र ठरावीक झाडांवरच घातली जातात. लिंबावर्गातल्या झाडावर ब्लू मॉरमॉनही येऊ शकतं, २०१५पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. पानफुटी लावली तर रेड पिएरोची अळी पानाच्या आत बोगदा करून खाताना दिसते, उजेडासमोर पान धरलं की मुलांनाही ती सापडते.