फॅशन मासिकातली बारीक अक्षरं आधी वाचा

नाशिकला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, 1999 पासून. पूर्वी बायका मासिकातलं पान कापून आणायच्या, आता फोन पुढे करतात. म्हणणं तेच, "ताई, अस्संच हवं." फोटोवरून तसं शिवून देता येतं, पण एका फोटोतून नवं काही सुचत नाही. सुचायचं असेल तर मासिकाचा अख्खा अंक मांडीवर घेऊन बसावं लागतं आणि त्यातले नवखे डिझायनर शोधावे लागतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे बसणं शिकवते, शिलाईच्याही आधी.

दर महिन्याला नवा अंक घ्यायची गरज नाही. मी वर्षाला दोन-तीन घेते, बाकीचे रद्दीवाला माझ्यासाठी बाजूला ठेवतो. मुंबईला गेले की फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी जुन्या पुस्तकवाल्यांकडे चक्कर असतेच. फेमिना 1959 पासून निघतंय, एलची भारतीय आवृत्ती 1996 पासून, व्होगची 2007 पासून. त्यामुळे जुन्या अंकांना तोटा नाही. आणि जुना अंक नव्यापेक्षा जास्त शिकवतो, कारण त्या वेळी कोपऱ्यात छापलेलं डिझायनरचं नाव आज कुठे पोहोचलं, ते आपल्याला ठाऊक असतं. डोळा तयार होतो तो तिथे. दिवाळी-लग्नसराईचे जाडजूड अंक मात्र नवी नावं शोधायला घेऊ नका. त्यात जाहिराती भरपूर आणि नववधूचे घागरे त्याच मोठ्या नावांचे. ऐन उन्हाळ्यातला किंवा पावसाळ्यातला पातळ अंक घ्या.

अंक हातात आला की आधी निवडून घ्यायचा, तांदूळ निवडतो तसा. जाहिरातीची पानं एका बाजूला. काही पानं लेखासारखी दिसतात, पण वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रमोशन' किंवा 'अॅडव्हर्टोरियल' असं असतं. तीही जाहिरातच. या पानांवरचं काम वाईट असतं असं मी म्हणत नाही, पण ती जागा पैसे भरून घेतलेली असते आणि नवख्या डिझायनरकडे तेवढे पैसे नसतात. तो सापडतो दोन ठिकाणी. एक, सुरुवातीच्या पानांवर, जिथे चार-पाच छोट्या चौकटी असतात आणि प्रत्येकीत एक फोटो आणि सात-आठ ओळी. दुसरं ठिकाण म्हणजे मागच्या निम्म्या अंकातली आठ-दहा पानांची फोटोंची मालिका.

या मालिकेत मुलगी, समुद्र, जुना वाडा, सगळं बघून झालं की नजर खाली न्या. पानाच्या तळाशी, नाहीतर दोन पानं जिथे शिवलेली असतात त्या घडीत, मुंगीएवढी अक्षरं असतात. प्रत्येक वस्तू कोणाची ते तिथे लिहिलेलं असतं. हातमागाचं सुती जॅकेट अमक्याचं, पँट तमक्याची, कानातले आणखी कोणाचे. कधी किंमत, कधी नुसतं 'प्राइस ऑन रिक्वेस्ट', म्हणजे किंमत विचारा तर सांगू. मी अंक उताणा करून घडी पूर्ण उघडते आणि भिंगाने वाचते. येवल्याला विणकर धागे मोजायला छोटं घडीचं भिंग वापरतात, तसलं आहे माझ्याकडे. स्टायलिस्ट, म्हणजे कुठल्या मुलीला काय घालायचं ते ठरवणारी व्यक्ती, चार मोठ्या नावांच्या मध्ये एक अनोळखी नाव हमखास घालते. जॅकेट जगप्रसिद्ध घराण्याचं असतं आणि आतला साधा सदरा कुणा नवख्याचा. आपल्याला तो सदरा हवा.

स्टायलिस्टचंही नाव टिपा. मालिकेच्या पहिल्या पानावर फोटोग्राफरच्या शेजारी ते छापतात. एखादीची निवड तुम्हाला दोनदा आवडली की तिचं नाव दिसेल तो अंक घ्या. मुखपृष्ठावर कोण आहे याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

माझी एक दोनशेपानी वही आहे. नाव, कापड, काय दिसलं, एवढंच लिहायचं. नाव पहिल्यांदा दिसलं की एक फुली. पुन्हा दिसलं, पण दुसऱ्या अंकात आणि दुसऱ्या स्टायलिस्टच्या मालिकेत, तर दुसरी. तीन फुल्या झाल्या की त्या डिझायनरचं काम मी मुद्दाम शोधून बघते. एकदा नाव येणं ओळखीनेही होतं. तीन वेगळ्या माणसांनी उचललं म्हणजे कामात दम आहे.

राहुल मिश्रांचं नाव माझ्या वहीत असंच आलं. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शिकलेले. 2006 साली लॅक्मे फॅशन वीकच्या जेननेक्स्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या कार्यक्रमात, त्यांनी केरळच्या हातमागाच्या कापडाचे दोन्ही बाजूंनी घालता येणारे कपडे दाखवले होते. आपल्या वहीत लिहायची गोष्ट तीच, 'दोन्ही बाजू'. म्हणजे आतली शिवण बाहेरच्याइतकीच स्वच्छ हवी, अस्तराखाली काही लपवता येत नाही. 2014 ला त्यांना लोकरीच्या कपड्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळाला, भारतातून पहिल्यांदाच, आणि 2020 च्या जानेवारीत पॅरिसच्या कुटुर आठवड्यात, म्हणजे मापावर हाताने शिवलेल्या उंची कपड्यांच्या शोमध्ये, त्यांचं काम लागलं. आज त्यांची भरतकामाची पानं सगळे बघतात. मला अजून ती पहिली स्वच्छ शिवण जास्त आवडते.

वैशाली षडांगुळे हे दुसरं नाव. त्या विदिशाच्या, काम मुंबईत. 2021 ला पॅरिसच्या त्याच कुटुर आठवड्यात त्या पोहोचल्या. त्यांच्या कामात आपला खणही येतो. कर्नाटकात गुळेदगुड्डला विणला जाणारा, ओटीत त्रिकोणी घडी करून ठेवतो तो. मी आयुष्यभर खण चोळीपुरताच कापला. त्यांचे कपडे बघितल्यावर पहिल्यांदा विचार केला, हे कापड अंगापासून सुटं ठेवलं तर कसं पडेल? तशी एक बाही शिवून बघितली. खण ताठ असतो, त्यामुळे घेर स्वतःच उभा राहतो, आत काही भरावं लागत नाही.

जुन्या अंकांत वेंडेल रॉड्रिक्स दिसले तर ते पान फाडून जपा. गोव्याच्या कोलवाळचे हे डिझायनर. 2020 साली गेले. गोव्याची कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणण्यात त्यांचा मोठा हात होता. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांत सजावट जवळजवळ नसते, सगळी मजा कापड कुठे सोडलंय आणि कुठे धरलंय यात.

आता फोटो कसा बघायचा. मुलीचा चेहरा हाताने झाका. खरंच झाका. मग पानावर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त बाहेरची रेघ काढा. खांदा, मुंढा (बाही जोडतो ती गोलाई), कंबर, घेर. रंग आणि दागिने गेले की खाली काय उरतं ते बघा. काही उरलंच नाही तर त्या पानावर फक्त रंग चांगला होता, तेवढंच लिहून पुढे जा.

एक धडा मला महागात पडला, तो सांगते. 2008 मध्ये एका मुलीच्या साखरपुड्यासाठी मी मासिकातलं पान बघून जाकिटासारखं ब्लाउज शिवलं. फोटोत ते कमरेवर पाण्यासारखं बसलं होतं. मी तसंच बेतलं. तिने घातलं तर मुंढ्याखाली कापडाचा फुगा, पाठीवर चुण्या. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा पडला. दोन रात्री बसून मी सगळं उसवलं आणि पुन्हा शिवलं. नंतर कळलं की फोटोच्या वेळी कपडा मागून क्लिपांनी आणि टाचण्यांनी आवळतात. ते ओळखायची खूण सांगते. बाजूची शिवण शोधा. ती काखेतून सरळ खाली यायला हवी. ती पाठीकडे ओढलेली दिसली की समजा, मागे क्लिप आहे. मुलगी बसलेली असेल, हात कमरेवर किंवा पोटावर असेल, तर त्या पानावरून फिटिंग ठरवूच नका. फॅशन शोचा चालतानाचा फोटो असेल, पाठमोरा असेल, तर तो जास्त खरा.

मग उचलायचं किती? एका पानावरून एकच गोष्ट. अख्खा ड्रेस उतरवून काढू नका. एखाद्याने वर्षभर विणकराजवळ बसून केलेलं काम आपण चार दिवसांत शिवून आपलं म्हणून विकणं मला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर ते आपल्या कापडावर बसतही नाही. एका पानावर जॅकेटच्या पाठीवर मधोमध शिवणीला धोतराचा काठ उभा लावलेला होता. मी फक्त 'काठ पाठीवर' एवढंच लिहून घेतलं. पुढे एका गिऱ्हाइकाच्या आईची पैठणी आली, पदर फाटलेला, नारळी काठ मात्र शाबूत. तो काठ नेहमीसारखा बाहीला न लावता पाठीवर मधोमध उभा लावला, गळ्यापासून कमरेपर्यंत. आरशात पाठ बघायला ती तीनदा वळली.

अंकाच्या अगदी शेवटी शहरवार दुकानांची यादी असेल तर ती सोडू नका. ज्या नावापुढे मोठं दुकान नाही, फक्त स्टुडिओचा नंबर आहे, तिथे बिनधास्त फोन करा. मी एकदा एका मुलीला फोन केला होता, कापड कुठलं एवढंच विचारायला. तिने अर्धा तास सुताच्या नंबराबद्दल, म्हणजे सूत किती बारीक त्याबद्दल, सांगितलं. मी विचारलं म्हणून तिलाच आनंद झाला.

परवा रद्दीतून सात अंक आले. चार बघून झाले. एका नावापुढे काल दुसरी फुली पडली आहे, टसर रेशमावर काम करणारं कोणीतरी आहे. उरलेले तीन रविवारी दुकान बंद असताना बघेन.