खिशातल्या तीन वस्तू, एकच ‘आरपार’

नागपूरच्या फुटाळा तलावावर मित्रांसमोर ही हातचलाखीची जादू करायला रबर बँड, दहाचं नाणं (२७ मिलिमीटर, ठळक दिसतं) आणि गडद सुती रुमाल पुरे. पॉलिस्टर नको, घसरतं.

तर्जनी आणि मधलं बोट, या दोन्हींवर मिळून रबर घाला. मूठ वळताना चारही बोटांची टोकं त्या रबरात घालून लपवा. मूठ उघडली की ते उरलेल्या दोन बोटांवर उडतं. ही फक्त सलामी.

आता नाणं उभं धरून रुमालानं झाका. झाकतानाच अंगठ्यानं नाण्यामागे कापडाची बारीक चुणी पकडा. पुढची कड मनगटावर उलटून नाणं दाखवा, मग दोन्ही कडा एकदम पुढे झटका. नाणं आता कापडाबाहेर, तुमच्या बाजूला! रुमालाला पीळ देत नाणं सावकाश वर काढा, म्हणजे ते कापडातून आरपार आल्यासारखं दिसतं. चुणी मोठी झाली तर नाणं कलतं. मागे कुणी उभं असलं तर बोंबललंच. पाठ तलावाकडे ठेवा.